गोदामातील जागा कोणासाठी?



विमानतळावरील हँगर विमानासाठी बांधलेला असतो. त्यात अडगळ साठू लागली, की विमानाला उन्हापावसात उभे राहावे लागते. जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याला हँगरशी कर्तव्य नाही; पण गोदामाशी निश्चितच आहे, आणि तेथील प्रश्नही हाच आहे. जागा ज्याच्यासाठी उभारली, त्याच्याच कामी ती येते काय?

सोयाबीनची मळणी आटोपते ती दसरा-दिवाळीच्या सुमारास. मजुरी चुकती करावयाची असते, रब्बीचे बियाणे घ्यावयाचे असते, घरात सण असतो. भोकरदनपासून मंठ्यापर्यंतची पोती एकाच वेळी मोंढ्यावर येऊन थडकतात आणि भाव उतरतो. माल थांबवून धरण्याइतकी ऐपत आणि जागा लहान शेतकऱ्यापाशी नसते.

हे ओळखूनच राज्य कृषि पणन मंडळाने 1990-91 मध्ये शेतमाल तारण कर्ज योजना सुरू केली. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवल्यास किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 180 दिवसांसाठी 6 टक्के दराने मिळते. लाखाच्या मालावर पाऊण लाख हाती येतात. सहा महिन्यांचे व्याज सव्वादोन हजारांच्या आसपास होते. साठवणुकीचा खर्च समिती सोसते. योजनेचा सारा कस मात्र एका नियमावर आहे: माल उत्पादक शेतकऱ्याचाच हवा, व्यापाऱ्याचा नव्हे. सातबाऱ्यावरील पीकनोंद पाहिली जाते ती याचसाठी. दुसऱ्याच्या पोत्यांसाठी आपला सातबारा पुढे करणारा शेतकरी, खरे पाहता, शेजाऱ्याचीच जागा विकत असतो.

जागेचा दुसरा नियम रिकाम्या जागेविषयी आहे. थप्प्यांमधील वाट आणि भिंतीलगतचे अंतर पाहून अनेकांना वाटते, की येथे आणखी शंभर पोती सहज मावली असती. मावली असती खरी. पण त्या वाटेनेच हवा खेळते, किडीची पाहणी होते आणि धुरी देताना थप्पीवरील आच्छादन चहूबाजूंनी जमिनीशी घट्ट दाबता येते. पोत्यांखाली लाकडी चौकटी असतात त्या ओल वर चढू नये म्हणून. सोयाबीनचे बियाणे तर फारच नाजूक. शंभर किलोची पोती चारांपेक्षा आणि चाळीस किलोची आठांपेक्षा अधिक एकावर एक रचू नयेत, असा कृषी विभागाचा सल्ला आहे. खालच्या पोत्यातील दाणा दडपला, की उगवणशक्ती गेलीच.

औषध चोळलेले बियाणे, खते आणि कीटकनाशके धान्यासोबत एका छताखाली ठेवू नयेत, हे जालन्यात अधिक आग्रहाने सांगावे लागते. 1964 मध्ये येथे महिको कंपनी स्थापन झाली आणि पुढे जालना बियाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. बियाण्याची पिशवी येथे घरोघरी असते, आणि ती धान्याच्या पोत्याशेजारी टेकवून ठेवण्याची सवयही.

माल नीट वाळवून, चाळून आणावा. पावतीवरील वजन, प्रत आणि तारीख गोदामातच ताडून पाहावी. मनाजोगता भाव मिळताच माल सोडवावा, मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. दिवाळीत ठेवलेले सोयाबीन वेळेवर हलले, तरच शिमग्याच्या सुमारास येणाऱ्या हरभऱ्याला तीच जागा मिळते.