नाताळचा भार आणि नाताळचा आनंद

सण माणसाला विसावा देण्यासाठीं असतो. पण पुष्कळदां सणच माणसाला दमवून टाकतो. दिवाळीच्या आधीं रात्र रात्र चुलीपुढें बसणाऱ्या गृहिणीला हें समजावून सांगावयास नको. पाश्चात्य देशांतील नाताळची कथा याहून फारशी निराळी नाहीं. तेथें या सणाचें ओझें कसें वाढलें आणि तें उतरविण्याचा यत्न कोणी केला, याचा इतिहास बोधप्रद आहे.

जुन्या परंपरेप्रमाणें नाताळपूर्वींचे चार रविवार हा आगमनकाळ. तो संयमाचा, प्रार्थनेचा आणि वाट पाहण्याचा. खरा उत्सव २५ डिसेंबरला सुरू होई व ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत चाले. आधीं संयम, मग आनंद, असा हा क्रम होता. बाजारानें तो उलटा केला. आतां नोव्हेंबरपासूनच दुकानें सजतात. खरेदीची धांदल उडते. आणि प्रत्यक्ष सण उजाडतो तेव्हां घर थकलेलें व खिसा रिकामा असतो.

हा बदल एका दिवसांत झाला नाहीं. १८४३ सालीं लंडनमधील हेन्री कोल या कार्यमग्न अधिकाऱ्यानें जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक शुभेच्छापत्र काढवून तें छापून घेतलें. प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहिण्याचे श्रम वाचावे, एवढाच हेतु. त्याच वर्षीं डिकन्सची नाताळची प्रसिद्ध कथा निघाली. १८४८ सालीं व्हिक्टोरिया राणीचें कुटुंब सजविलेल्या वृक्षाभोंवतीं उभें आहे, असें चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकांत आलें आणि तो वृक्ष मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत शिरला. यांतील एकेक प्रथा गोडच होती. पण श्रम वाचविण्यासाठीं निघालेल्या पत्राच्याच पुढें याद्या झाल्या. कोणाचें पत्र आलें, कोणाचें राहिलें, याचा हिशेब सुरू झाला.

या ओझ्याविरुद्ध पहिला संघटित आवाज उठला तो श्रीमंतांच्या वाड्यांतून नव्हे, तर पोटासाठीं राबणाऱ्या मुलींच्या अडचणींतून. न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांतील मुलींना आपल्या तुटपुंज्या पगारांतून वरिष्ठांच्या भेटवस्तूंसाठीं वर्गणी द्यावी लागे. नाहीं म्हणावें, तर नोकरीची धास्ती. १९१२ सालीं ॲन मॉर्गन व एलिनॉर बेल्माँट या दोन प्रतिष्ठित स्त्रियांच्या पुढाकारानें निरुपयोगी भेटी थांबविण्यासाठीं एक संस्था निघाली. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हेही तिचे सभासद झाले. देणें बंद करावें, असें या संस्थेचें म्हणणें नव्हतें. दडपणानें दिलेली वस्तु ही भेटच नव्हे, एवढेंच तिचें सांगणें होतें.

पुढें १९९३ सालीं जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञानें विद्यार्थ्यांना विचारून असा हिशेब मांडला कीं, भावनेचें मोल वगळलें, तर भेटीसाठीं खर्च झालेल्या किंमतीपैकीं एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत भाग वायां जातो. कारण देणाऱ्यानें मोजलेल्या पैशाइतकी ती वस्तु घेणाऱ्याला मोलाची वाटत नाहीं. हिशेब रुक्ष खरा, पण त्यांतून एक गोष्ट उघड होते. भेटीला खरें मोल आणते ती भावनाच. आणि घाईनें सर्वांत आधीं मरते तीही भावनाच.

मग करावें काय? १९८२ सालीं जो रॉबिन्सन व जीन स्टेहेली या लेखिकांनीं नाताळच्या या यंत्राविषयीं एक पुस्तक लिहिलें. मुलांना वस्तूंच्या ढिगापेक्षां आईबापांचा निवांत सहवास, भेटींविषयीं वाजवी अपेक्षा, बेताच्या गतीनें चालणारा सण आणि घरच्या ठराविक रीति अधिक हव्या असतात, असें त्यांचें प्रतिपादन आहे. त्याप्रमाणें वागणें कठीण नाहीं. मोठ्या कुटुंबांत चिठ्ठ्या टाकून प्रत्येकानें एकालाच भेट द्यावी. पत्रें दूरच्यांना लिहावीं, जवळच्यांना भेटावें. जेवणांतील एकेक पदार्थ एकेका घरानें आणावा. मात्र हें सर्व महिनाभर आधीं ठरवावें. कारण ऐन वेळीं कमी केलेली गोष्ट उणीव वाटते, आधीं ठरविलेली सोय वाटते. आणि ठरवितांना जिच्यावर घरचा सारा भार पडतो, त्या गृहिणीचें मत प्रथम विचारावें.

गोव्यांतील ख्रिस्ती घरांतून नाताळांत नेवऱ्या व दोदोल यांचीं ताटें शेजारीपाजारीं, हिंदूंच्या घरींही जातात. नेवरी म्हणजे आपली करंजीच. चार हात एकत्र बसून ती करूं लागले, तर गप्पा रंगतात व तें काम हाच सण होतो. एकटीवर पडलें तर तोच पदार्थ शिक्षा होतो. सण साधा करणें म्हणजे तो कमी करणें नव्हे. त्यांतील माणसांना जागा मोकळी करून देणें होय.