सभेत उठून बोलण्याआधी
(जिल्हा कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



सप्टेंबरात साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा लागतात. मांडव भरतो, व्यासपीठावरून एकेक विषय वाचला जातो, पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" असा गजर होतो आणि तासा-दीड तासात सभा आटोपते. बाहेर चहाच्या टपरीवर मात्र प्रत्येकाजवळ एक प्रश्न असतो. तो मांडवात का येत नाही? उठायचे म्हटले की पाय लटपटतात म्हणून.

माझेही लटपटले होते. पहिल्यांदा उठलो तेव्हा मनात सात तक्रारी होत्या. काटा, उतारा, तोडणीची चिठ्ठी, बिल, सगळे एका दमात बोलून गेलो आणि शेवटी म्हणालो, कारखान्याकडे येणारा रस्ताही खराब आहे. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "रस्त्याचं काम दिवाळीनंतर धरू." टाळ्या पडल्या. बाकीच्या सहा तक्रारी घेऊन मी घरी आलो. पळवाट मीच दिली होती.

तेव्हा प्रश्न एकच न्या. अहवाल आठ दिवस आधी उघडा आणि त्यातला उताऱ्याचा आकडा शोधा. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी ठरली ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. म्हणजे सव्वादहाच्या वरचा उतारा अर्ध्या टक्क्याने कमी धरला गेला, तर टनामागे १७३ रुपये जातात. ५० टन उसाला ८,६५० रुपये! हे गणित स्वतःच्या पावत्या घेऊन, स्वतःच्या हाताने मांडा. दुसऱ्याने लिहून दिलेला आकडा कोणी उलटून विचारला की घशात अडकतो. ज्याचे बिल थकले आहे त्याने ऊस घातल्याची तारीख काढावी. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. त्यात पैसे १४ दिवसांत द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, असे लिहिले आहे.

मग ते मोठ्याने बोलून पाहा. मनातल्या मनात आपण सगळेच वक्ते असतो. बांधावर बोला, घरात बोला. माझ्या घरी पहिल्याच वाक्याला विचारले गेले, "एफआरपी म्हणजे काय, ते आधी सांगा." मला दोन वाक्यांत सांगता येईना. त्या रात्री मी ते शिकलो.

पहिले वाक्य पाठ हवे: नाव, गाव, सभासद क्रमांक आणि लगेच प्रश्न. बाकीचे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरात. हात थरथरतो, त्याबरोबर कागदही. म्हणून तो अहवालाच्या पुठ्ठ्यावर धरा. मांडवात लवकर जाऊन माइकजवळची जागा घ्या. गजर सुरू झाला तर आवाज चढवू नका. थांबा. ओरडणारेही दमतात. मग तेच वाक्य तसेच पुन्हा म्हणा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या अशी मागणी करा.

आता जेवणाला अर्धा तास आहे. दोघादोघांनी समोरासमोर उभे राहा. एकाने सभासद व्हायचे, दुसऱ्याने अध्यक्ष. अध्यक्षाने मधेच तोडायचे आहे, बरे का! मायबहिणींपासून सुरुवात करू.