पडद्यावरचे व्होल्ट आणि टोकांवरचे



इलेक्ट्रॉनिक्सची कुठलीही प्रयोगशाळा घ्या, कॉलेजातली असो की भोसरीतल्या एखाद्या शेडमधली, टेबलावर पॉवर सप्लाय असतोच. शून्य ते ३० व्होल्ट, तीन किंवा पाच अँपिअर. बटणं दाबून हवे तेवढे व्होल्ट मागायचे. पडद्यावर आकडा उमटतो आणि आपण तो खरा धरून चालतो. पण तो आकडा सांगतो कोण? सप्लाय स्वतःच. व्होल्टेज तयार करणारा आतला डॅक आणि ते मोजणारा एडीसी बहुधा एकाच संदर्भ-व्होल्टेजवर चालतात. वर्षा-दोन वर्षांत तो संदर्भच सरकला की दोघंही बरोबरीनं सरकतात, आणि पडद्यावर सगळं आलबेल! काटा दुकानदाराचा आणि वजनंही त्यानंच घरी घडवलेली, अशी ती गत.

म्हणून साक्षीदार बाहेरचा लागतो. साडेसहा अंकी मल्टिमीटर, आणि तोही कुठला तरी नव्हे. ज्याच्या प्रमाणपत्रांची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचते असा.

पूर्वी हे तपासणी-दुरुस्तीचं, म्हणजे कॅलिब्रेशनचं, काम दोघांचं असे. एकानं मीटर वाचायचा, दुसऱ्यानं वहीत उतरवायचं, मग स्क्रूड्रायव्हरनं आतला प्रीसेट केसभर फिरवायचा. आता सुधारणेचे आकडे सप्लायच्या मेमरीत राहतात आणि संगणक केबलवरून दोन्ही उपकरणांशी बोलतो. ही बोली १९९० साली ठरली, तिला स्किपी म्हणतात. स्टार, आय-डी-एन, प्रश्नचिन्ह, एवढं पाठवलं की उपकरण आपला निर्माता, मॉडेल, अनुक्रमांक आणि आवृत्ती सांगतं. पायथॉनच्या स्क्रिप्टनं पहिला प्रश्न हाच विचारावा. शेजारी शेजारी दोन सारखे सप्लाय असले, तर एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या मेमरीत जायला वेळ लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम. सप्लाय अर्धा तास तापू द्यायचा. मग समजा २ व्होल्ट मागितले आणि मीटरनं २.००४ दाखवले, २८ मागितले, तर २८.०३० आले. या दोन बिंदूंतून रेषा काढली की दोन चुका वेगळ्या होतात: दर हजारी एक अशी वाढ, आणि मुळातच जास्तीचे २ मिलिव्होल्ट. हेच दोन आकडे सुधारायचे. खालचा बिंदू शून्यावर का घेत नाहीत? साधा सप्लाय शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे मूळची चूक उणे असली तर ती तिथे दिसणारच नाही. मधला बिंदू तपासायला मात्र विसरू नये. वरच्या हिशेबानं १५ व्होल्टला १५.०१७ यायला हवेत. तसे आले नाहीत, तर रेषा वाकडी आहे आणि दोन आकड्यांनी भागणार नाही.

स्क्रिप्ट फसते ती बहुतेकदा घाईनं. २८ वरून २ व्होल्टवर उतरायला सांगितलं, पण टोकांना काही भार जोडलेला नाही. मग आउटपुटचा कपॅसिटर रेंगाळत रिकामा होतो. माणूस आकडा स्थिरावेपर्यंत आपोआप थांबतो. स्क्रिप्टला थांबायला सांगावं लागतं, नाहीतर ती उतरणीवरचाच आकडा खरा मानून मोकळी होते. लागोपाठची वाचनं जुळेपर्यंत थांब, ही अट घातलेली बरी. शिवाय मीटरला विजेच्या दहा आवर्तनांची, म्हणजे आपल्याकडे २०० मिलिसेकंदांची सरासरी घ्यायला सांगितलं, की ५० हर्ट्झची गुणगुण बाजूला पडते.

करंटचं काम जास्त किचकट. ०.१ ओहमच्या शंटमधून, म्हणजे करंट मोजायला वाटेत घातलेल्या छोट्या रोधातून, ५ अँपिअर नेले की त्यात अडीच वॅट उष्णता होते. शंट तापतो, त्याचा रोध बदलतो आणि मापही सरकतं. ०.०१ ओहमचा घेतला तर उष्णता पाव वॅटवर येते, पण मोजायला उरतात फक्त ५० मिलिव्होल्ट. तेही शंटच्या मापनाच्या टोकांवरूनच घ्यायचे. करंटच्या स्क्रूवरून घेतले तर स्क्रूचा रोधही हिशेबात येतो. वायरिंगची अशी चूक स्क्रिप्टला कधीच कळत नाही. ती चुकीचा आकडा पाच दशांश स्थळांपर्यंत टापटिपीनं लिहून ठेवते. आणखी एक, स्क्रिप्ट मध्येच कोलमडली तरी आउटपुट बंद झालंच पाहिजे, ही तरतूद पहिल्या दिवशीच करावी.

माझ्या मते स्क्रिप्टचा खरा उपयोग दुरुस्तीत नाही, दुरुस्तीच्या आधीच्या नोंदीत आहे. सप्लाय जसा आला तसे त्याचे आकडे आधी फाइलमध्ये साठवायचे. मागच्या वर्षभरात त्यावर तपासलेला माल बरोबर होता की नाही, हे तेवढ्यावरूनच कळतं. पुष्कळ जण थेट दुरुस्तीचं बटण दाबतात आणि तो पुरावा पुसून टाकतात. आकडे मर्यादेत असतील तर मेमरीला हात लावू नये. दर वर्षी ओढून जागेवर आणलं की सप्लाय कुठे सरकतोय ते दिसेनासं होतं. तीन-चार वर्षांच्या न छेडलेल्या नोंदी हाताशी असल्या, तर पुढचं कॅलिब्रेशन सहा महिन्यांनी हवं की दोन वर्षांनी चालेल, ते त्यावरून ठरवता येतं.