नावापुढचा आकडा

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत आपल्या मराठीत एका अनुस्वाराचाच काय तो फरक. आम्हा कवींना दोन्हींची सवय. शायर मंडळी तर स्वतःलाच नवं नाव ठेवतात; त्याला तखल्लुस म्हणतात. तेव्हा कंपन्या मालाला नाव कसं ठेवतात आणि त्यापुढे आकडा का लावतात, याचं मला कुतूहल वाटतं.

काही आकडे खरोखर काही सांगतात. आमचा उरण तालुका मूळचा भाताचा आणि मिठाचा, म्हणून उदाहरणही भाताचंच घेतो. 1966 साली फिलिपाइन्समधून ‘आयआर-8’ हे भाताचं वाण आलं. त्याचं पूर्ण नाव आयआर 8-288-3. म्हणजे आठव्या संकरातलं, 288व्या ओळीतलं, तिसरं रोप. नाव रुक्ष खरं, पण त्यात रोपाचा सगळा पत्ता आहे. दोनच वर्षांनी, 1968 मध्ये, आपल्याकडे ‘जया’ हे वाण आलं. जिभेवर हे नाव लगेच बसतं. पत्ता मात्र त्यात नाही.

काही आकडे नुसतेच भारदस्त असतात. 1983 साली ‘मारुती 800’ रस्त्यावर आली. तिचं इंजिन 796 सीसीचं. 1985 साली आलेली ‘हीरो होंडा सीडी 100’ प्रत्यक्षात 97.2 सीसीची. याला कुणी फसवणूक म्हटलं नाही. खरा आकडा माहितीपत्रकात असतोच. पण ‘सातशे शहाण्णव’ म्हणताना जीभ अडखळते, ‘आठशे’ सहज निघतो. ओळ वजनात बसावी म्हणून आम्ही शब्द बदलतो, तसंच हे.

संगणकवाल्यांनी तर आकड्यांचा खेळच मांडला. ‘विंडोज 95’, ‘98’ यांत सालाचा आकडा होता. पुढे 7 आलं, 8 आलं, आणि 2015 साली एकदम 10. मधला नऊ गाळलाच! एक इयत्ता गाळून वर गेलेलं पोर हुशार वाटतं ना, तशी ही झेपही मोठी वाटते.

याच्या अगदी उलट एक माणूस आहे, अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ. गणिताची पुस्तकं नीट छापता यावीत म्हणून त्यांनी ‘टेक’ नावाची प्रणाली लिहिली. तिसऱ्या आवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं, की आता नवं काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. दर दुरुस्तीला आवृत्तीच्या आकड्यात पायचा एकेक अंक वाढत जातो: 3.1, 3.14, 3.141. आकडा फुगत नाही, नेमका होत जातो. गझलेचा एखादा शेर वर्षानुवर्षं घासत बसणाऱ्याला हे लगेच पटेल.

मराठीत आवृत्तीच्या आकड्याचं काम एक साधा शब्द करतो: ‘नवा’. साबणाच्या वेष्टनावर ‘नवा’ लिहिलं, की जुन्यापेक्षा हा चांगला, असं आपण न विचारताच धरून चालतो. आमच्या भागात हा शब्द वेष्टनापुरता राहिला नाही. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे मुंबईची नवी आवृत्ती निघाली, नवी मुंबई. बंदर आलं, तेव्हा शेवा गाव उठलं. कोळ्यांची वस्ती हनुमान कोळीवाड्यात गेली, शेतकऱ्यांच्या गावाला नाव मिळालं ‘नवीन शेवा’. या नव्या आवृत्तीत गावाजवळची शेतं आणि खाडी नव्हती.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. मोबाइल घेताना असो, सरकारी योजना असो की वसाहत, नावात ‘नवा’ किंवा मोठा आकडा दिसला, की दोन प्रश्न विचारावेत. काय घातलं? आणि काय काढलं? पहिल्याचं उत्तर विकणारा आपणहून देतो. दुसऱ्याचं मात्र मागून घ्यावं लागतं.

1989 साली सुरू झालेल्या त्या बंदराचं अधिकृत नाव जवाहरलाल नेहरूंचं. पण जगभरच्या जहाजांच्या कागदांवर आजही लिहिलं जातं ‘न्हावा शेवा’. तिथे ‘नवीन’ नाही, आकडाही नाही. आहेत ती दोन जुन्या गावांची नावं.