गिरणीच्या धुराचा हिशेब

आज मी बोलणार आहे गिरणीच्या डिझेल इंजिनाच्या धुराबद्दल.

आमच्या एका गटाने कर्ज काढून पिठाची गिरणी घातली. विजेचा भरवसा नाही, म्हणून डिझेल इंजिन बसवलं. मागच्या पावसाळ्यात पाणी आत येतं म्हणून दार-खिडक्या लावून दळण चालू होतं. दुपारी दळणाऱ्या ताईंचं डोकं गरगरायला लागलं, मळमळ सुटली. आम्हाला वाटलं, उपाशी असतील. ओट्यावर आणून बसवलं, तर बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा लक्षात आलं, धुराचा पाइप सांध्यात फुटला होता आणि धूर आतच कोंडत होता.

बायांनो, काजळी डोळ्यांना दिसते. पण धुरात कार्बन मोनॉक्साइड वायूही असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात गेला की रक्ताला पुरेसा प्राणवायू वाहून नेता येत नाही. कोंडलेल्या खोलीत जीवही जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो असं जाहीर केलं आहे.

मग आम्ही पाइप दुरुस्त करून भिंतीबाहेर, छपराच्या वर नेला. इंजिन बंद करून हवेचा फिल्टर उघडला, तर तो पिठाने गच्च भरलेला! चुलीला हवा मिळाली नाही की ती धुमसते ना, तसंच इंजिनाचं. हवा कमी पडली की डिझेल पुरतं जळत नाही, काळा धूर होऊन जातं. म्हणजे गटाचा पैसाच पाइपातून उडतो. आता फिल्टर दर आठवड्याला बघतो. मिस्त्रीकडून नोझल तपासून घेतलं. दळणही एकदम ओतत नाही. इंजिनावर ताण आला की धूर वाढतो.

धुराचा रंग ओळखायला शिका. काळा असेल तर आधी फिल्टर बघा. निळसर असेल तर ऑइल जळतंय. थंड इंजिन सुरू करताना थोडा पांढरा धूर येतो, पण तो थांबलाच नाही तर मिस्त्रीला बोलवा.

महिन्याच्या बैठकीत बचतीच्या हिशेबाशेजारी हेही लिहा: डिझेल किती लागलं, फिल्टर कधी साफ केला. आमच्या त्या ताई आजही गिरणी चालवतात. पाऊस असो नसो, दार मात्र उघडंच असतं. पाणी पुसता येतं, मैत्रिणींनो. गेलेला जीव परत येत नाही.