आधी ऐकू येऊ दे, मग दिसू दे



विषय दिलाय, ऑनलाइन व्हिडिओसाठी कॅमेरा कसा निवडावा. शिबिराआधीच तुमच्यातल्या तिघांनी मला फोन केला होता. हप्त्यावर कॅमेरा घेतोय, कुठला घेऊ? मी उलट विचारलं, चित्रण कोणाचं करायचंय? तिघांचं उत्तर जवळपास एकच होतं, आमच्या मोहल्ल्यातल्या माणसांचं. पोटगीसाठी कोर्टात खेटे घालणारी खाला, यंत्रमाग बंद पडल्यावर रिक्षा चालवणारे चाचा, बारावीनंतर घरी बसवलेली मुलगी.

ही माणसं मनापासून एकदाच बोलतात. ‘पुन्हा एकदा सांगा ना’ म्हटलं की तीच गोष्ट पाठ केल्यासारखी बाहेर येते. त्यामुळे पहिल्याच वेळी सगळं नीट टिपेल असा कॅमेरा आपल्याला हवा. देखणेपण नंतर बघू.

म्हणून सुरुवात आवाजापासून. आपल्याकडे घरात दखनी, शाळेत मराठी. बोलताना दोन्ही एकमेकींत मिसळतात. मागे पंखा, कुकरची शिट्टी, रिकाम्या खोलीचा घुमारा असला की निम्मे शब्द हरवतात. थोडं दाणेदार चित्र लोक चालवून घेतात. बोलणं कळलं नाही तर अंगठा पुढे सरकतो. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा विचारू नका, बाहेरचा माइक लावता येतो का ते विचारा. जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात सर्रास दिसणाऱ्या कॅनन १५००डीला ती सोयच नाही, २००डीला आहे. सोनीचा २०२१ साली आलेला झेडव्ही-ई१० तर व्हिडिओ करणाऱ्यांसाठीच काढलेला. त्याला माइकची जागा आहे, आणि पडदा बाजूला वळतो, म्हणजे एकट्यालाही स्वतःचं चित्रण करता येतं.

मोठ्या कॅमेऱ्याचा खरा फायदा सेन्सरचा. झेडव्ही-ई१०चा सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलीमीटर, मोबाइलचा त्याहून कितीतरी लहान. मोठा सेन्सर जास्त प्रकाश घेतो, म्हणून संध्याकाळच्या अंधाऱ्या खोलीत चित्र कमी दाणेदार येतं. पण हप्ते फेडण्याची ऐपत नसेल तर हातातला मोबाइल, वायरचा कॉलर माइक आणि एक साधा ट्रायपॉड यांवर वर्षभर काम करा. माझं स्पष्ट मत आहे, की पहिल्या दहा मुलाखती मोबाइलवरच व्हाव्यात. समोर मोठी लेन्स आली की खाला पदर सावरतात आणि भाषणाच्या सुरात बोलू लागतात. घुमाऱ्यासाठी महागडा फोम नको. कॅमेऱ्याच्या मागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाका.

फोर-के हवंच का? १०८०पीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख बिंदू असतात, फोर-केमध्ये सुमारे ८३ लाख. मोबाइलवर बघणाऱ्याला फरक फारसा जाणवत नाही, तुमचं मेमरी कार्ड मात्र लवकर भरतं.

आता एक अडचण, जी आपल्या चित्रणात पावलोपावली येते. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी उजेडाचं आहे असं धरून चालतो. काळ्या बुरख्याने फ्रेम भरली की त्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक होतो. पांढरा कुर्ता, पांढरी टोपी, मागे चुन्याची भिंत असली की उलटं होतं, चेहरा काळवंडतो. दोष कपड्यांचाही नाही, रंगाचाही नाही. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेड तिथे लॉक करा आणि गरजेप्रमाणे कमी-जास्त करा. कॅमेरा घेणार असाल तर हे हाताने करता येतं का ते दुकानातच करून बघा, शक्यतो काळे कपडे घातलेल्या कोणाला तरी समोर उभं करून.

व्हिडिओत ट्यूबलाइटचे पट्टे सरकताना दिसतात ना? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की पट्टे बहुधा जातात. आयफोनमध्ये त्यासाठी ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू करावं लागतं.

जुना डीएसएलआर घेणार असाल तर रेकॉर्डिंग किती वेळ सलग चालतं ते बघा. बरेच कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांवर आपोआप थांबतात. खालांचं खरं बोलणं अनेकदा चहानंतर सुरू होतं.

आणि चेहरा दाखवायचा नाही असं कोणी सांगितलं तर तो मुळात चित्रितच करू नका. नंतर धूसर करू म्हणाल, पण मूळ फाइल कुठे पोचेल ते तुमच्या हातात राहत नाही. फक्त हातांवर फ्रेम धरा. आवाजावरूनही माणूस ओळखू येतो, हे त्यांना आधी सांगा. फाइल एकमेकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर इतकी मेहनत दाबून चिपाड होते.

चला, मोबाइल काढा, दोघादोघांच्या जोड्या करा. पंखे बंद करतोय, थोडं सोसा. काळ्या आणि पांढऱ्या कपड्यांतले आधी खिडकीसमोर बसा.