पाळणाघराचा जमाखर्च
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला-सभेपुढे केलेले भाषण)



आपले मंडळ दरवर्षी गुणी विद्यार्थ्यांचा सत्कार करते. त्यांत मुलींची संख्या अलीकडे मुलांहून कमी नसते, ही आपणां सर्वांच्या अभिमानाची गोष्ट आहे. परंतु याच मुलींचे पुढे काय होते, याची नोंद आपल्या कोणत्याही वहीत नाही. शिष्यवृत्ती घेऊन पदवीधर झालेली मुलगी तिशीच्या आसपास नोकरी सोडून घरी बसते, आणि कारण विचारले तर सांगते, “पाळणाघराला देऊन हातात उरते काय?” या प्रश्नाचे उत्तर आज आपण हिशेबानेच शोधू.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. त्याच दुरुस्तीने पन्नास वा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी असेही ठरले, आणि ही तरतूद पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली. उत्तम झाले. परंतु आपल्या कित्येक लेकीसुना लहान दवाखान्यांत, हिशेबनिसांच्या कचेऱ्यांत, दहा-वीस माणसांच्या दुकानांत काम करतात. त्यांच्या वाट्याला हे पाळणाघर येत नाही. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा 2009 चा कायदा लागू होतो तो मुलाच्या सहाव्या वर्षापासून. म्हणजे सहा महिने ते सहा वर्षे हा सारा काळ कुटुंबाने आपल्या खिशातून निभावावयाचा. 1975 साली सुरू झालेल्या अंगणवाड्या आहेत व त्यांचे काम मोलाचे आहे. पण बहुतेक अंगणवाड्या काही तासच भरतात, आणि लोकलने घरी येणारी आई सात वाजता पोहोचते.

आता मूल तीन वर्षांचे झाले, शिशुवर्गात जाऊ लागले, की खर्च कमी होईल अशी आशा असते. होते उलटेच. शिशुवर्ग तीन तासांचा. उरलेला दिवस पाळणाघरातच जातो. शाळेची फी निराळी, पाळणाघराची निराळी, आणि एकीकडून दुसरीकडे पोहोचविणाऱ्या रिक्षाकाकांचे पैसे निराळे. मे महिन्यात शाळा बंद, म्हणून पाळणाघर पूर्ण दिवसाचा दर लावते. मूल तापाने आठ दिवस घरी राहिले तरी फी कमी होत नाही, आणि आईची रजा मात्र खर्ची पडते. प्रवेशशुल्क, अनामत, उशीर झाल्यास तासाचा आकार, या गोष्टी नाव घालतानाच लेखी विचारून घ्याव्यात. (फी जास्त म्हणून पाळणाघर चालविणाऱ्या बाईंवर रोष नको. त्या फीतला मोठा भाग मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या पगाराचाच असतो. दर फारच कमी दिसला तर एका बाईकडे मुले किती, हे आधी पाहावे.)

उदाहरणादाखल आकडे घेऊ. प्रत्येकीने आपापले घालून पाहावेत. हातात येणारा पगार 30,000 रुपये. शिशुवर्ग महिना 3,500, पाळणाघर 7,500, रिक्षा 1,500, आईचा प्रवास 2,000, पोळ्यांच्या बाई 2,500. बेरीज 17,000. उरले 13,000. “तेवढ्यासाठी कशाला ही ओढाताण?” असे सासर-माहेर दोघेही म्हणतात, आणि विषय संपतो.

या हिशेबात दोन चुका आहेत. आई घरी राहिली तरी शिशुवर्गाची फी द्यावीच लागते. ते 3,500 नोकरीच्या खाती मांडणे गैर. शिल्लक झाली 16,500. दुसरे असे की हातात येणारा पगार म्हणजे सारी मिळकत नव्हे. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 20,000 असेल आणि तेवढ्यावर भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर बारा टक्क्यांनी 2,400 तिचे व तितकेच मालकाचे जमा होतात. मालकाच्या वाट्यातील काही भाग निवृत्तिवेतन योजनेत जातो. म्हणजे खरी मिळकत 21,300. शिवाय ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत सामान्यतः सलग पाच वर्षे लागतात, आणि 1995 च्या योजनेखाली निवृत्तिवेतनास पात्र होण्यासाठी दहा. चौथ्या वर्षी नोकरी सोडणारीला वर्ष पुरे करण्याचा सल्ला देणारा कोणी भेटत नाही.

आणि एक विचारते: पाळणाघराचे पैसे आईच्याच पगारातून का वजा करावयाचे? मूल दोघांचे. वडिलांच्या पगारातून ते वजा करून “मग तुझ्या नोकरीत उरते काय?” असे कोणी आजवर विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

आजीचा प्रश्न नाजूक आहे. आजी असताना पाळणाघर कशाला, हे वाक्य बहुधा आजीला न विचारताच बोलले जाते. बासष्टाव्या वर्षी गुडघे धरून तीन वर्षांच्या नातवामागे दहा तास धावणे हे प्रेमाचे काम असले तरी काम आहेच. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर करावे. पण सकाळी पाळणाघर आणि दुपारी चारनंतर आजी, अशी वाटणी पुष्कळ घरांत सुखाची ठरते.

मंडळाच्या सभागृहात पाळणाघर काढावे, अशी सूचना गेल्या सभेत आली होती. तिच्यामागील भावना स्तुत्य आहे, पण मी तिच्या विरुद्ध आहे. लग्नाच्या मुहूर्तावर सभागृह भाड्याने द्यावयाचे आणि त्या दिवशी मुलांना घरी पाठवावयाचे, हे चालणार नाही. शिवाय आपले सभासद विरार ते बदलापूर पसरलेले. दादरला मूल सोडावयास कोण येणार?

माझी सूचना निराळी आहे. आपला शिक्षण-निधी उच्च शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देतो. त्याच निधीतून, मूल तीन ते सहा वर्षांचे असताना कामावर परतणाऱ्या भगिनीस पाळणाघराच्या निम्म्या फीइतके कर्ज मिळावे. वरील उदाहरणात तीन वर्षांची पूर्ण फी 2,70,000 होते, निम्मी 1,35,000. मूल पहिलीत गेल्यावर, ओझे हलके होताच, तिने ते पाच वर्षांत, महिना 2,250 प्रमाणे फेडावे. जामीन म्हणून पतीची सही घ्यावी. फेडीत त्याचाही हात लागेल. प्रारंभी वर्षाला चार अर्ज मंजूर झाले तरी पुरे. या आशयाचा ठराव मी सर्वसाधारण सभेपुढे मांडणार आहे. ज्या भगिनींनी या कारणास्तव नोकरी सोडली असेल त्यांनी नाव न घालता आपला हिशेब एका कागदावर लिहून महिला शाखेच्या चिटणीसांकडे द्यावा. सभेत तोच माझ्या उपयोगी पडेल.